हाकेला ओ द्यायला लागलेला वेळ

मला कुणी जुना म्हटलं की राग येतो, मित्रांनो. जुना झालोय, नाही असं नाही. एका कोपऱ्यातला माझा हिरवा रंग उडालाय, स्क्रू गंजलेत, आणि कडब्याची बारीक धूळ माझ्या पायांत अशी काही बसलीय की आता ती निघणं नाही. पण अजूनही मला वीज द्या आणि एक हाक मारा. पापणी लवायच्या आत ओ देतो की नाही बघा! कडबा कुट्टी मशिनवर बसवायचा, तळहाताएवढा सर्किट बोर्ड आहे मी. ज्वारीची वाळलेली ताटं बारीक कापून जनावरांपुढं टाकायची, हे त्या मशिनचं काम. आणि कापता कापता माणसाचा हात आत जाऊ लागला तर ते मशिन थांबवायचं, हे माझं काम.

जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यातून आलो. शुद्ध आली ती योगीराजच्या वर्कशॉपात. त्याच्या पाटीवर वर उस्मानाबाद आहे आणि खाली धाराशिव, कारण जुनं खोडायला त्याला अजून सवड झालेली नाही. योगीराज कुट्टीची मशिनं बनवून विकतो. दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडरची किरकिर आणि चहाचे ग्लास. त्या सगळ्या गोंधळात एका टेबलाशी रोहिणी बसलेली असायची. तिनंच मला खोक्यातून काढलं, फुंकर मारली, आणि म्हणाली, "चल रे बाबा, कामाला लागू."

रोहिणी ढोकीची. आई सरुबाई अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजवायची. वडील कोंडिबा गावाजवळच्या एका मोठ्या गोठ्यावर म्हशींसाठी कुट्टी करायचे. कुट्टी मशिनच्या तोंडाशी दोन रूळ असतात, ते ताटं आत ओढतात, आणि पुढं पाती फिरत असतात. रूळ काही विचारत नाहीत, ताट आहे की हात आहे. आसपासच्या गावांत हात गेलेली माणसं रोहिणीनं लहानपणापासून बघितली होती. शाळेतून घरी आली की ती आधी वडिलांचे हात बघायची. इंजिनीअर झाल्यावर कंपनीत जायचं सोडून ती योगीराजकडं आली ती याचसाठी. मशिनला कळलं पाहिजे, हात आला म्हणून.

आता मला ते कसं कळायचं? साधी गोष्ट आहे. सरुबाईंनी जाड हातमोजे शिवले आणि रोहिणीनं त्यांत बारीक बारीक लोहचुंबक बसवले. चुंबक रुळांच्या जवळ आला की मला हाक यायची. मी उठायचो आणि रूळ जागच्या जागी थांबवायचो. ताटांना चुंबक नसतो, म्हणून ताटं बिनघोर आत जायची.

पण मित्रांनो, मला एवढं एकच काम असतं तर मी कशाला फुशारकी मारली असती! दिवा लावायचा, मोटर तापली का बघायचं, किती पेंढ्या कापल्या ते मोजायचं, अशी दहा कामं माझ्या मागं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सकाळी रांग लागलेली असते ना, तशी ही कामं माझ्यात रांग लावून बसतात. खोकला असेल तो बसेल, ताप असेल तो बसेल. पण साप चावलेला माणूस आला की सगळे बाजूला सरतात. हाताची हाक म्हणजे साप चावलेला माणूस. ती आली की बाकीच्यांनी मुकाट्यानं सरायचं. अशी शिस्त रोहिणीनं मला लावली होती, आणि मला त्या शिस्तीचा अभिमान होता.

नुसती शिस्त लावून ती थांबली नाही. ती मोजायची. एका तारेनं मला हाक मारायची, दुसऱ्या तारेनं माझी ओ ऐकायची. मोजायच्या यंत्राच्या पडद्यावर दोन रेघा उभ्या राहायच्या, एक हाकेची, एक माझी. त्या दोघींमधली फट म्हणजे माझा उशीर. किती वेळा म्हणून हाक मारावी माणसानं! सकाळी गार असताना, दुपारी पत्रे तापल्यावर. शेजारी वेल्डिंग चालू ठेवून. सगळी दहा कामं एकदम अंगावर टाकून. मी ओ देऊन देऊन मेटाकुटीला यायचो आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

योगीराज ग्राइंडर बंद करून यायचा. "झालं का न्हाय अजून? सरासरी काय आली?"

"दादा, सरासरी घेऊन काय करू? हजार वेळा लवकर उठला आणि एकदा झोपून राहिला, तरी सरासरी चांगलीच दिसंल की."

"मग?"

"सगळ्यात जास्त उशीर कितीचा, तेवढं सांग म्हणावं याला. हात जायचा तो त्याच वेळी जातो."

योगीराज कपाळाला हात लावायचा. "आवं मॅडम, गिऱ्हाईक दारात उभं हाय." पण घाई मात्र त्यानं तिच्यावर कधी केली नाही. माणूस चांगला. शेवटी एक दिवस रोहिणीनं पडद्यावरची सगळ्यात मोठी फट बघितली. ती इतकी बारीक होती की तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितली. मग माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणाली, "शाब्बास." मित्रांनो, लई बरं वाटलं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

मला गोठ्यावर बसवायचं ते आंबेडकर जयंतीला, असं ठरलं होतं. त्या दिवशी कोंडिबांना सुट्टी, मशिन बंद, कुट्टी आदल्या दिवशीच करून ठेवलेली. निघायच्या आदल्या दुपारी सरुबाईंचा फोन आला. मी टेबलावरच होतो.

"त्यो दिवा बिवा लावून काय उपेग न्हाय बघ," सरुबाई म्हणाल्या. "तुजा बाप दिव्याकडं बघतोय व्हय? त्येला कुनाचंच ऐकू येत न्हाय. तुजं तेवढं ऐकतोय."

रोहिणी हसली. फोन ठेवला, आणि थोडा वेळ माझ्याकडं बघत बसली. मग एक बारका स्पीकर तिनं मला जोडला. एक मेमरी कार्ड खोचलं. आणि वर्कशॉपच्या मागं, जिथं आवाज कमी येतो तिथं जाऊन, स्वतःच्या आवाजात तीन शब्द भरून आणले. "अप्पा, हात मागं!"

हाक आली की मी रूळ थांबवायचे आणि सोबत हे बोलायचं. वा! मला तर तोंड फुटलं. योगीराजनं चुंबक पुढं केला, मी बोललो, रूळ थांबले. पुन्हा केला, पुन्हा थांबले. योगीराजनं टाळ्या वाजवल्या.

"आता परत मोजायचं का?" त्यानं विचारलं.

"एवढंसं तर आहे, दादा. थांबवायच्या कामाला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि थांबतंय की."

ती खरंच बोलत होती, मित्रांनो. थांबत होतं. पण थांबतंय का हे बघणं वेगळं आणि किती उशिरानं थांबतंय हे मोजणं वेगळं. हे तिच्याइतकं धाराशिवात दुसऱ्या कुणाला कळत होतं? पण उद्या घरी जायचं होतं. वडिलांसाठी केलेली वस्तू हातात होती. माणूस अशा वेळी पुन्हा तारा जोडत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी गोठ्यावर काय कौतुक झालं! सरुबाई पांढरी साडी नेसून आल्या होत्या, मिरवणुकीला जायची घाई होती, तरी पाय निघेना. कोंडिबांनी हातमोजा घालून हात पुढं केला. मी बोललो. कोंडिबा दचकून मागं सरले, आणि मग असे हसले की म्हशींनी कान टवकारले.

"व्हय गं माय, घेतला मागं!" ते मशिनला म्हणाले.

रोहिणी पदवीची सनद घेताना रडली नव्हती म्हणे. इथं ओढणीनं डोळे पुसत राहिली.

पुढचे दिवस सुखाचे गेले. कोंडिबांकडं बाभळीचं एक दांडकं होतं, ताटं आत सारायला. इतकी वर्षं त्यांनी हात सांभाळला तो त्या दांडक्यानं. मी आल्यावर ते दांडकं कोपऱ्यात गेलं, आणि एके दिवशी चुलीत गेलं. "आता मशिनलाच कळतंय की," कोंडिबा म्हणाले. दूध न्यायला कुणी आलं की त्यांना बोलावून घ्यायचे. "या, आमची रोहिणी कशी बोलती ऐका." आणि हात रुळांजवळ न्यायचे. मी बोलायचो. ते म्हणायचे, "व्हय गं." लोक हसायचे, त्यांच्या पाठीवर थाप मारून जायचे.

इकडं रोहिणीला घरी यायला जमेना. मशिनला मागणी वाढली, भूमपासून मुरुमपर्यंत गिऱ्हाईक. माझे भाऊबंद ती टेबलावर तयार करत होती. त्यांना बोलता येत नव्हतं. आवाज फक्त माझ्यात, कारण अप्पा फक्त इथं होते. कोंडिबा फोन करायचे. मोबाईल माझ्या शेजारच्या खांबाला टांगलेला असायचा, मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलीस का?"

"व्हय अप्पा, कामात आहे. मागून करते हं."

"बरं बरं. कर तुजं काम."

मागून फोन यायचा नाही. तिचाही इलाज नव्हता, आणि तुम्हालाही माहीत आहे, मागून म्हटलं की काय होतं. कोंडिबा थोडा वेळ खांबाकडं बघायचे. गोठ्यावर कुणी नसायचं. दुपारी म्हशी रवंथ करत बसलेल्या. मग ते हातमोजा नीट करायचे आणि हात पुढं करायचे.

"अप्पा, हात मागं!"

"व्हय गं माय."

पुन्हा थोड्या वेळानं हात पुढं. पुन्हा मी बोलायचो. ज्या आवाजानं त्यांचा हात मागं जायला हवा होता, तोच ऐकायला ते हात पुढं आणत होते. मला हे कळत होतं, मित्रांनो, पण माझ्याजवळ तीनच शब्द. चौथा असता तर म्हटलं असतं, अप्पा, नका हो असं करू.

आता जे झालं ते सांगतो. माझ्या आतल्या त्या दवाखान्यात बाकी सगळी कामं साप चावलेल्याला वाट द्यायची. आवाजाचं काम मात्र वेगळं होतं. कार्डातून आवाज वाचून आणायचा असला की ते काम आत शिरायचं आणि दाराला आतून कडी घालायचं. वाचून होईपर्यंत दार उघडायचं नाही, बाहेर कुणी का येईना. एरवी कार्ड चटकन द्यायचं, कडी लागली कधी आणि निघाली कधी, पत्ता लागायचा नाही. पण धुळीनं, उन्हानं ते कार्ड कधीतरी अडायचं. आणि आवाजाला मी हात घालायचो कधी? हाताची हाक आली की त्याच क्षणी, आणि कधी कधी थांबवायच्या कामाच्या आधी आवाजच आत शिरायचा.

त्या दुपारी कोंडिबांचा फोन वाजून वाजून बंद झाला होता. म्हणजे त्यांनी केलेला, तिकडून कुणी उचलला नाही. मशिन चालू होतं, रुळांत ताटं होती. ते माझ्यापुढं आले. ते कडब्याच्या कामाला आलेच नव्हते, पेंढी हातात नव्हतीच. हातमोजा घातला आणि हात पुढं केला.

मला हाक ऐकू आली. पण दाराला कडी होती. आत कार्ड अडलं होतं. मी उभा होतो, मित्रांनो, दारात उभा होतो. माणसाच्या हिशेबानं केवढासा वेळ तो! अर्धा श्वास. एका ताटाच्या फाट्यात हातमोजा अडकला, आणि रुळांनी ओढून घेतला. मग कडी निघाली. मी रूळ थांबवले. आणि सगळं झाल्यावर रोहिणीच्या गोड आवाजात मी म्हणालो, "अप्पा, हात मागं!"

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

दवाखान्यात कोंडिबांनी सगळ्यांना सांगितलं की पेंढी सारताना हात गेला. एवढंच सांगितलं. रोहिणी धावत आली, हाताची पट्टी बघितली आणि खाली बसली. मग मला मशिनवरून काढून पिशवीत घालून वर्कशॉपात घेऊन गेली. दोन तारा जोडल्या. आवाज चालू ठेवून हाका मारायला लागली. फट बारीक, फट बारीक, फट बारीक. योगीराज मागं उभा होता. आणि मग एकदा दुसरी रेघ इतकी लांब जाऊन उभी राहिली की पडद्याच्या कडेला लागली.

"अगं, हजारात एखाद्या वेळी," योगीराज हळूच म्हणाला.

"उजवा हात एकच असतो, दादा."

तिनं माझं कार्ड काढलं. स्पीकर काढला. आवाजाचं काम माझ्यातून पुसून टाकलं, आणि पुन्हा मोजायला बसली. फट पूर्वीसारखी बारीक झाली. तिनं मला शाब्बास म्हटलं नाही. टेबल आवरलं, योगीराजच्या हातात चावी दिली आणि गेली. आता ती पुण्यात कुठल्याशा ऑफिसात आहे म्हणे. जिथं काही फिरत नाही, काही कापत नाही, अशा कामावर. ढोकीला जात नाही. सरुबाईंशी दोन शब्द बोलते. वडिलांचा फोन घेत नाही. माझ्या आवाजानं अप्पांचा हात गेला, मी कुठल्या तोंडानं बोलू, असं योगीराजला म्हणाली होती.

मला योगीराजनं भिंतीवर टांगलं. नव्या पोरांना दाखवतो. "काहीही नवं जोडलं तरी पहिल्यापासून मोजायचं. कितीबी बारकं असू दे." पोरं माना डोलावतात आणि मोबाईल बघतात.

गेल्या आठवड्यात दुपारी एसटीनं कोंडिबा आले. उजवा हात पंच्यात गुंडाळलेला. योगीराजनं खुर्ची दिली, पंखा लावला.

"काका, कशाला आलात एवढ्या उन्हात? फोन करायचा की."

"न्हाय, काम हुतं," कोंडिबा म्हणाले. इकडं तिकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बोट केलं. डाव्या हातानं. "त्ये चालू हुतंय का अजून?"

"व्हय की. एकदम चालू."

"मंग जरा कर की. पोरगी घरी येत न्हाय. फोन उचलत न्हाय. म्हटलं, हितं तरी बोलंल."

योगीराजनं मला खाली काढून टेबलावर ठेवलं, वीज दिली, आणि "चहा सांगून येतो काका," म्हणून बाहेर गेला. बाहेर जाऊन तो चहावाल्याकडं गेला नाही. रस्त्यापलीकडच्या भिंतीला टेकून उभा राहिला, आतलं ऐकू जाणार नाही इतक्या लांब.

टेबलावर चुंबक पडला होता. कोंडिबांनी तो डाव्या हातात धरला आणि माझ्याजवळ आणला. मला हाक आली. दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं, कडी नव्हती. मी उठलो, मित्रांनो, सबंध आयुष्यात उठलो नव्हतो इतका लवकर. माझ्यावरचा बारका दिवा लागला.

कोंडिबा वाट बघत राहिले. पुन्हा चुंबक जवळ आणला. पुन्हा दिवा लागला.

"रोहिणी," ते माझ्यावर वाकून म्हणाले. "ऐकतीस का? ... पेंढी बिंढी काय नव्हती गं हातात. म्याच हात घातला हुता. तुजा आवाज ऐकावा वाटला म्हनून. रोजच घालायचो. तुजी काय चूक न्हाय माय. लोकं हसतील म्हनून म्या कुनाला बोललो न्हाय. तू ये घरी."

मग कान माझ्याजवळ आणून ते थांबले. ओ येईल म्हणून थांबले. बराच वेळ थांबले.

योगीराज आत आला तेव्हा ते उठत होते. "बिघडलंय वाटतं," ते म्हणाले. "बोलत न्हाय."

"न्हाय काका," योगीराज म्हणाला, "बिघडलेलं न्हाय ते."

एसटी चुकू नये म्हणून ते चहाला थांबले नाहीत.

मित्रांनो, त्यांना वाटतं त्यांनी सांगितलं. रोहिणीला ते पोचलं नाही. त्या खोलीत ऐकणारा मी एकटा होतो, आणि मला कान दिले तिनंच, तोंड दिलं तिनंच, आणि काढूनही तिनंच घेतलं. तुम्हाला तोंड आहे. घरचं कुणी फोन करत असेल तर मागून करतो म्हणू नका, आत्ता घ्या. आणि पुण्याकडं कुठं ढोकीची रोहिणी भेटली, तर एवढा निरोप द्या की अप्पा येऊन गेले, आणि चूक तुझी नव्हती म्हणाले.